मंडपेश्वराचा क्रूस आणि सत्याचा मापदंड

बोरीवलीहून दहिसरकडे जाताना लागणारी मंडपेश्वराची गुंफा हा केवळ पुरातत्त्वाचा विषय नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात कोरलेल्या या शैव लेण्यात नटराजाचे शिल्प आहे, दर्शनी भिंतीवर मोठा क्रूस आहे आणि माथ्यावर पोर्तुगीज मठाचे भग्नावशेष आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यास अंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने या लेण्याचे चर्च केले. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, साष्टीतील पोर्तुगीज सत्ता संपली आणि कालांतराने येथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. हा इतिहास सत्तेचा आहेच; परंतु त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या धर्मात सत्य असू शकते काय?

आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांनी या प्रश्नाला दोन उत्तरे दिली. दुसऱ्या शतकातील जस्टिनच्या मते ईश्वरी विवेकाचे बीज सर्व मानवांत पेरलेले आहे. म्हणून ख्रिस्तपूर्व सॉक्रेटिसही सत्याच्या मार्गावरच होता. मात्र हाच जस्टिन मूर्तिपूजकांच्या देवता म्हणजे दुष्ट शक्ती होत, असेही मानत असे. कार्थेजच्या टर्टुलियनला तर ग्रीकांचे तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा काही संबंध असू शकतो, हेच मान्य नव्हते.

या खंडनात बुद्धीचे तेज होते, हे नाकारण्याचे कारण नाही. देवांच्या अनीतिमान कथांवर प्लेटोने पूर्वीच टीका केली होती. रोमन पंडित व्हारो याने कवींचे, तत्त्वज्ञांचे आणि नगराचे असे देवविद्येचे तीन प्रकार सांगितले होते. रंगभूमीवर जे देव हास्यास्पद ठरतात तेच नगराच्या देवळात पूज्य कसे, असा सवाल पाचव्या शतकात ऑगस्टिनने केला. शस्त्र प्रतिपक्षाच्याच भात्यातले होते.

परंतु या युक्तिवादाची दुबळी बाजूही तेथेच उघडी पडते. होमरच्या कथांचा रूपकात्मक अर्थ लावणे ही ख्रिस्ती लेखकांना पळवाट वाटे. आपल्या ग्रंथातील अवघड कथांना मात्र ते निःसंकोच रूपकाचा आधार देत. दुसऱ्या शतकातील सेल्सस या टीकाकाराने हीच विसंगती दाखवली आणि तिसऱ्या शतकात ओरिजेनला तिच्या उत्तरादाखल मोठा ग्रंथ लिहावा लागला.

सोळा शतकांनंतर मुंबईत हाच वाद मराठीत झाला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वादविवाद केला. ‘हिंदुधर्मस्थापना’ हे मोरभटांचे पुस्तक त्याच वर्षीचे. विल्सन यांचे लेखी उत्तर १८३२ मध्ये आले. पुराणकथांना लावलेली कसोटी बायबललाही लावावी, ही अशा वादातील साधी आणि न्याय्य मागणी होय. तीच कसोटी महाराष्ट्रातील सुधारकांनी पुढे स्वधर्माला लावली आणि म्हणूनच त्यांच्या टीकेला नैतिक अधिकार प्राप्त झाला.

जस्टिनचे बीज अखेर रुजले, असे म्हणता येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही चर्च नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. अर्थात, सर्वच धर्म सर्वस्वी खरे आहेत असे म्हणणे म्हणजे सत्याचा प्रश्नच टाळणे होय. प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्र विचारणाऱ्याने तोच प्रश्न आधी स्वतःच्या देव्हाऱ्यासमोर उभे राहून विचारावा. परधर्मातील अंधश्रद्धा ठळक दिसावी आणि स्वतःची मात्र परंपरा म्हणून गौरवावी, हा दुटप्पीपणा कोणा एका पंथाची मिरास नाही.

मंडपेश्वराच्या कातळावर क्रूसही आहे आणि नटराजही आहे. एकाला पुसल्याने दुसरा खरा ठरला नाही, हीच त्या कातळाची साक्ष आहे.