गेरसप्पा बोटीवरचे टपाल

गेरसप्पा म्हटले की आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना शरावती आठवेल, मराठी वाचकांना जोगचा धबधबा. याच नावाची एक आगबोटही होती. हिंदुस्थानातील गावांची नावे आपल्या बोटींना देण्याची ब्रिटिश इंडिया कंपनीची रीतच होती.

डिसेंबर १९४० मध्ये ही बोट चहा, लोखंड, चांदी आणि टपालाच्या थैल्या घेऊन कलकत्त्याहून इंग्लंडला निघाली. आफ्रिकेतील फ्रीटाउनपासून ती इतर बोटींच्या तांड्यात होती. पण कोळसा पुरेना, म्हणून एकटीच आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळली. १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मन पाणबुडीने तिला गाठले. बोटीवर ८५ माणसे होती, बहुतेक हिंदुस्थानी खलाशी. एका होडीतले काही जण तेराव्या दिवशी इंग्लंडच्या किनाऱ्याशी पोचले. तिथे लाटांत होडी उलटली. वाचला तो फक्त दुय्यम अधिकारी रिचर्ड आयर्स.

२०११ मध्ये सुमारे ४,७०० मीटर खोलीवर बोट सापडली. शोध अर्थातच चांदीचा होता. चांदीबरोबर सातशेवर पत्रेही वर आली! कागद सत्तर वर्षे पाण्यात टिकला कसा? थैल्या सामानाखाली घट्ट दबलेल्या होत्या, वर गाळ बसला होता. तळाशी उजेड नाही, प्राणवायू कमी आणि थंडी कडक. कागद कुजवणाऱ्या जीवांना तिथे वावच मिळाला नाही. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात या पत्रांचे प्रदर्शन भरले.

मात्र ही पत्रे हिंदुस्थानातून परदेशी चाललेली. खलाशांनी घरी धाडलेली नव्हेत. खलाशाचे पत्र वेगळ्याच अडचणीतून जाई. बोटीचे नाव, बंदर, माल यांतले काही लिहायची युद्धकाळात मनाई होती. तपासनीस पाकीट फोडून वाची आणि चिठ्ठी डकवून पुन्हा बंद करी. मग उरे काय? प्रकृती ठीक, पैसे मिळाले का, मुले कशी आहेत. आपल्या गोव्याचे कितीतरी लोक या बोटींवर स्वयंपाकी नि वाढपी होते. पोर्तुगाल युद्धात नव्हता, पण पाणतीर कुणाचा देश विचारून थोडाच येतो! मुंबईत गावागावाचे कूड होते, गोव्याच्या खलाशांचे उतरण्याचे ठिकाण. घरापर्यंतचा दुवा तोच.

बुडालेल्या खलाशांना थडगे नाही. अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे ६,००० व्यापारी खलाशांची नावे एका पुस्तकात लिहिलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईच्या मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये ठेवली आहे.