पोटातली वस्ती आणि तिचा पहारा

गेल्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या एका वस्तीत महिलांची बैठक संपल्यावर एक ताई विहाराच्या दारातच थांबून राहिली. कडेवर दीड वर्षाचे बाळ, मलूल झालेले. "सिस्टर, तिसऱ्यांदा जुलाब लागले पोराला. मागच्या वेळचं अँटिबायोटिक बाटलीत उरलं होतं, तेच पाजलं," ती म्हणाली. मग आवाज खाली करून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, तुम्ही लोक घाण राहता म्हणून होतं. खरंच आमच्यात काही खोट आहे का?"

बाळाला त्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्रात नेले. ओआरएस आणि झिंकवर ते सावरले. पण त्या ताईच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दारात उभ्याने देता आले नाही. ते आज या पानावर देतो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

सगळे जंतू शत्रू नसतात

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करत होतो तेव्हा जंतू म्हणजे मारून टाकायची वस्तू, एवढेच डोक्यात बसले होते. वॉर्डात ते बरोबरही होते. जखमेत जंतू नकोच. पण आतड्याची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत आणि आपल्यासोबत राहणारे जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. सगळ्यांचे मिळून वजन भरते जेमतेम २०० ग्रॅम.

आणि शरीराचा सर्वात मोठा पहारा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा सर्वात मोठा साठा, कुठे आहे? तोही आतड्याच्या भिंतीतच. वस्ती आणि पहारा यांच्यामध्ये फक्त एका पेशीच्या जाडीचा पडदा आणि त्यावर चिकट बुळबुळीत थर. इतक्या जवळ राहून दोघे एकमेकांशी लढत बसले असते, तर माणूस जगलाच नसता. ते एकमेकांना सांभाळतात, म्हणून आपण जगतो.

जीवाणू पहाऱ्याला काय देतात?

पहिली गोष्ट, जागा अडवतात. वस्तीत खोली रिकामी दिसली की कोणीतरी येऊन कुलूप तोडते. सगळ्या खोल्या भरलेल्या असतील तर उपऱ्याला शिरायला जागा नसते. चांगले जीवाणू आतड्यातली जागा आणि अन्न दोन्ही धरून ठेवतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला बस्तान बसवणे जड जाते.

दुसरी, भिंतीला खायला घालतात. भाकरी, डाळ, भाजी यांतला चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जीवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या पेशींचे हे मुख्य इंधन. हेच ब्युटिरेट पहारेकरी पेशींना शांत राहायलाही सांगते, म्हणजे प्रत्येक घासावर त्या भडकून उठत नाहीत.

तिसरी, शिकवतात. प्रयोगशाळेत जन्मापासून एकही जंतू न लागू देता उंदीर वाढवले जातात. अशा उंदरांच्या आतड्यातल्या प्रतिकारक ग्रंथी नीट वाढतच नाहीत, अर्धवट राहतात. मित्र कोण, शत्रू कोण, हे पहाऱ्याला ओळखायला लावतात ते हे जीवाणूच.

पहारा जीवाणूंना काय देतो?

देणे एकतर्फी नाही. शरीर रोज काही ग्रॅम 'आयजीए' नावाची प्रतिपिंडे आतड्यात सोडते. रोगजंतूंना ती जखडून टाकतात. पण काही चांगल्या जीवाणूंना तीच प्रतिपिंडे चिकट थरात टिकून राहायला मदत करतात. म्हणजे एकच पहारेकरी चोराला अडवतो आणि घरच्याला आत घेतो.

उंदरांवरच्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. उंदीर आजारी पडला आणि खाणे सोडले, की त्याची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तराला निरोप देते आणि अस्तर एक प्रकारची साखर बाहेर काढते. ती जीवाणूंसाठी असते. घरात चूल पेटली नाही तरी शेजाऱ्याच्या लेकराला उपाशी ठेवायचे नाही, असा हा व्यवहार. अन्न तुटले तरी वस्ती उठू नये, याची सोय शरीरानेच करून ठेवली आहे.

या दोन्ही बाजू एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी पाहिल्या होत्या. एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. त्यासाठी त्यांना १९०८चे नोबेल मिळाले. दह्यातले जीवाणू आरोग्याला उपयोगी पडतात, हे जगाला मोठ्याने सांगणारेही तेच होते.

बाळाची पहिली दोन-तीन वर्षे

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या पोटातली वस्ती बसायची असते. ती बसायला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या असतात कशाला? त्या असतात बाळाच्या पोटातल्या चांगल्या जीवाणूंसाठी. त्याच दुधातून आई आपली तयार आयजीएही देते. म्हणजे आई एकाच वेळी वस्तीही वसवते आणि पहाराही पाठवते. पहिल्या तासात अंगावर घेणे आणि पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, हा आग्रह त्यासाठी आहे.

मध चाटवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. मधात एका विषारी जंतूचे बीज असू शकते. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाही, कारण तिथे जागा भरलेली असते. बाळाच्या आतड्यात जागा मोकळी असते, तिथे ते रुजते आणि बाळाचे अंग लुळे पडू शकते.

या काळाचे मोल किती, हे ओडिशाच्या खेड्यांत दिसले. तिथे साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर अभ्यास झाला. काहींना आठवडाभर एक निवडक जीवाणू आणि त्याचे खाद्य असलेली साखर दिली. २०१७ साली निष्कर्ष आले, तेव्हा त्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेले आढळले. पण हा जीवाणू तपासून, पारखून निवडलेला होता. दुकानात मिळणारी कोणतीही पुडी तेच काम करील असे समजू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवजात बाळाला काही देऊ नका.

घडी विस्कटते कशाने?

एक, विनाकारण घेतलेले अँटिबायोटिक. ते मित्र-शत्रू बघत नाही, खोल्या रिकाम्या करते. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. म्हणजे आजार आहे तिथेच राहतो, मधल्या मधे वस्ती उठते. पण उलटा अर्थ काढू नका. टीबी, न्यूमोनिया, टायफॉइड यांत डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितलेले सर्व दिवस घ्यायचे. उरलेली बाटली मात्र ठेवायची नाही आणि शेजारणीला द्यायची नाही.

दोन, चोथा नसलेले खाणे. उंदरांच्या अन्नातला चोथा काढून टाकला, तेव्हा भुकेले जीवाणू आतड्याचा चिकट थरच खाऊ लागले आणि रोगजंतूंना वाट मोकळी झाली. पाच रुपयांच्या पाकिटावर मुलांची दुपार काढताना हे आठवावे.

तीन, आणि आमच्या मते सर्वात मोठे, घाण पाणी. आतड्याच्या आतून टॉवेलच्या धाग्यांसारखे उंचवटे असतात. अन्न शोषण्याचे काम त्यांचे. मुलाच्या पोटात रोज थोडी थोडी घाण जात राहिली, तर जुलाब न होताही हे धागे झिजतात. पहारा चोवीस तास जागा राहतो आणि मुलाच्या वाट्याचे अन्न खर्चून टाकतो. मूल जेवते, पण अंगी लागत नाही. उंची खुंटते. पोलिओ, रोटासारख्या तोंडाने द्यायच्या लसीही अशा वस्त्यांतल्या मुलांवर कमी परिणाम करतात.

आता त्या ताईचा प्रश्न. पाण्याची पाइप गटारातून गेलेली असते. पाणी दिवसातून थोडा वेळ येते. बाकी वेळ पाइपमध्ये दाब नसतो, तेव्हा भेगेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पहिल्या धारेला वास येतो तो त्यामुळे. ताई, खोट तुझ्यात नाही. खोट त्या पाइपमध्ये आहे.

आपल्याच शहराचे उदाहरण

टायफॉइडचा जंतू असाच पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो. पूर्वीची लस दोन वर्षांखालच्या मुलांना लागू पडत नसे. नवी लस नऊ महिन्यांच्या बाळाच्या पहाऱ्यालाही हा शत्रू ओळखायला शिकवते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८च्या जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या टप्प्यात शहराच्या निम्म्या भागात नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या १ लाख १३ हजारांहून जास्त मुलांना ही लस टोचली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम घेतल्याचे जगातले हे पहिले उदाहरण. पुढच्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये टायफॉइड बराच कमी झाल्याचे दिसले. तुमच्या मुलांना ती मिळाली का, कार्ड काढून पाहा. नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा.

पण एक लस एकाच शत्रूची ओळख करून देते. घाण पाण्यात शत्रू अनेक असतात.

घरात एवढे करू या

पिण्याचे पाणी खळखळून उकळा. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. त्या आरोग्य केंद्रात मागा. हंड्यात हात घालू नका, ओगराळे वापरा किंवा तोटीचा माठ घ्या. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा.

पोटातल्या वस्तीचे खाणे महाग नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, सालासकट डाळी, शेवग्याच्या शेंगा आणि पाला, कांदा, लसूण, केळे. गावाकडची आंबील पुन्हा सुरू करा. शिजवल्यावर तिच्यातले जीवाणू मरतात हे खरे, पण आंबवल्याने धान्य पचायला हलके होते आणि चोथा शाबूत राहतो. जिवंत जीवाणू हवे असतील तर घरचे दही, ताक. मात्र ताकात पाणी उकळून गार केलेलेच घाला. आणि ताक हे अन्न आहे, औषध नाही, हे लक्षात ठेवा.

जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पाकिटावर लिहिलेले माप वाचून घ्या. झिंकची गोळी चौदा दिवस द्या, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरच्याला २०. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. शीतून रक्त, खोल गेलेले डोळे, पाणीही न पिणे, लघवी बंद, सुस्ती किंवा जोराचा ताप, यांतले एकही दिसले तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

आणि एक काम घराबाहेरचे. पहिल्या धारेला वास येत असेल, तर तारीख आणि वेळ वहीत लिहा. पाइप गटारातून जात असेल तर फोटो काढा. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन विभाग कार्यालयात अर्ज द्या, पाण्याची तपासणी मागा, पोच घ्या. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी हा माणसाचा हक्क आहे हे सांगण्यासाठी. आज आपल्या नळाला पाणी आहे. ते स्वच्छ असावे, ही मागणी त्याच हक्कातली आहे.

त्या ताईच्या गल्लीने अर्ज दिला आहे. पहिली सही तिची आहे.