जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन : शाळेत का बसवले, घरी कसे बसवावे




गेल्या परीक्षेच्या हंगामात दहावीची आमची एक विद्यार्थिनी घरच्या संगणकावर एसएसएलसीच्या नमुना प्रश्नपत्रिका शोधत होती. एका पानावर मोठे हिरवे 'डाउनलोड' बटण दिसले, ते तिने दाबले. प्रश्नपत्रिका आली नाही. 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' अशी सूचना आली. तेही दाबले. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब फोन करा' असे संदेश येऊ लागले. वडिलांनी घाबरून फोन केला. समोरच्याने संगणकाचा ताबा देणारे अ‍ॅप घ्यायला सांगितले, तेव्हा आईने फोन हातातून काढून घेतला म्हणून बँकेतले पैसे वाचले. मुलीला रागावू नका, असे आम्ही त्यांना सांगितले. ते हिरवे बटण मुळात जाहिरात होती. खरी लिंक खाली बारीक अक्षरांत होती. मोठी माणसेही तिथे फसतात.

त्यानंतर आमच्या संगणक शिक्षकांनी कक्षातील सर्व संगणकांवर 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन बसवले. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका संगणकाकडून, चित्रे दुसऱ्याकडून आणि जाहिराती तिसऱ्याच कंपन्यांकडून येतात. या कंपन्यांच्या पत्त्यांच्या याद्या स्वयंसेवक तयार करतात. त्यांतली 'ईझीलिस्ट' ही यादी २००५ पासून चालू आहे. एक्स्टेन्शन प्रत्येक मागणी या यादीशी ताडून पाहते आणि पत्ता यादीत असला की मागणी बाहेर जाऊच देत नाही. जाहिरात येतच नसल्याने पान लवकर उघडते आणि डेटाही वाचतो.

दुसरा फायदा दिसत नाही, पण आम्हाला तो मोठा वाटतो. आपल्या गोकुळ रोडने विमानतळाकडे जाताना दुतर्फा फलक दिसतात. आपण कोणता फलक किती वेळ पाहिला, याची नोंद ते फलक ठेवत नाहीत. महाजालावरच्या जाहिराती ठेवतात. एकदा बूट पाहिले की आठवडाभर प्रत्येक पानावर बूटच दिसतात, ते यामुळेच. अशी पाळत ठेवणारे बरेचसे पत्तेही हे एक्स्टेन्शन अडवते.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारले, "आपल्या अंकाच्या मागच्या पानावरही जाहिराती असतात, छपाईचा खर्च त्यातूनच निघतो. मग दुसऱ्यांच्या अडवणे न्यायाचे आहे का?" प्रश्न रास्त आहे. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे बव्हंशी जाहिरातींवरच चालतात, आणि एक्स्टेन्शनला चांगली जाहिरात व वाईट जाहिरात यांतला फरक कळत नाही. म्हणून ज्या मराठी व कन्नड वर्तमानपत्रांची पाने मुले शाळेत वाचतात, त्यांच्यापुरते आम्ही ते बंद ठेवले आहे. एक्स्टेन्शनचे चिन्ह दाबून मधले मोठे बटण दाबले की तेवढ्या संकेतस्थळासाठी ते बंद होते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडी आधी 'विज्ञापन' येते. विज्ञापन काय, जाहिरात काय (कन्नडमध्येही हाच शब्द आहे), दोन्हींचा अर्थ उघडपणे कळवणे. जे बटणाचे सोंग घेऊन येते त्याला जाहिरात म्हणावे का, अशी शंका आम्हाला येते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेनेही डिसेंबर २०२२ मध्ये अशाच फसवणुकीमुळे नागरिकांना जाहिरात-रोधक वापरण्याचा सल्ला दिला होता.

घरी बसवताना नाव नीट वाचावे. २०१८ साली क्रोमच्या दुकानात पाच नकली जाहिरात-रोधके सापडली. ती २ कोटींहून अधिक वेळा घेतली गेली होती. 'यूब्लॉक' नावाचे वेगळेही एक आहे, आपल्याला 'ओरिजिन' शब्द असलेले हवे. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले हे एक्स्टेन्शन मोफत आहे, ते देणगीसुद्धा घेत नाहीत. क्रोमने २०२४ पासून नियम बदलल्यामुळे तिथे आता त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते. मोबाईलवर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसतच नाही, म्हणून फायरफॉक्स घ्यावा. खेळांच्या किंवा इतर अ‍ॅपमधल्या जाहिराती मात्र याने थांबत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

जिथे 'अलाउ' आधीच दाबले गेले आहे, तिथे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढावी लागते. नुसते एक्स्टेन्शन बसवून ते संदेश जातीलच असे नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. नमुना प्रश्नपत्रिका कर्नाटक शाळा परीक्षा मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य असतात. छापील प्रती आमच्या ग्रंथालयातही ठेवल्या आहेत.

ज्या पालकांना हे स्वतः जमत नसेल त्यांनी कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. लॅपटॉपबरोबर घरातला मोबाईलही आणावा, आणि शक्यतो पाल्यालाही सोबत आणावे.