बुरसटलेला दाणा आणि पेशीचा राखणदार

परतीचा पाऊस खळ्यावर आला की धान्य किती वाया गेले याचीच आपल्याला चिंता लागते. मक्यावर वा शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरली, तर "पाखडून घेऊ, भाजून खाऊ" असे म्हणून आपण मोकळे होतो. या बुरशीचे आपल्या शरीरातील एका जनुकाशी वैर आहे. शास्त्रज्ञांनी ते अगदी जागेनिशी दाखवून दिले आहे. सिल्वासा-खानवेलकडच्या दमट हवेत धान्य साठवणाऱ्याला ते ठाऊक असलेले बरे.

आधी १९७४ सालची हकिकत. आपल्या उत्तरेला गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हा भाग आहे. आपल्यासारखीच आदिवासी शेतकऱ्यांची वस्ती, आणि रोजची भाकरी मक्याची. टंचाईचे दिवस होते. त्यात कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला, कणसे भिजली आणि तशीच साठवली गेली. मग गावोगाव कावीळ सुरू झाली. माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही त्याच दुखण्याने मेली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे बुरशीचे विष शोधून काढले. या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण घरात दुसरे धान्य नसेल, तर बुरसटलेले फेकायचे कोणी आणि खायचे काय?

ती झाली एकदम झालेली विषबाधा. हेच विष थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेले तर काय होते, हे कळायला आणखी बराच काळ जावा लागला.

आपल्या प्रत्येक पेशीत सतराव्या रंगसूत्रावर एक जनुक असते. त्याच्या सूचनेनुसार पेशी 'पी-५३' नावाचे प्रथिन बनवते. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन, अमेरिकेत आर्नोल्ड लेव्हिन आणि इतर काही संशोधकांना ते सापडले. गंमत अशी, की पहिली दहा वर्षे हे प्रथिनच कर्करोग घडवते, असा समज होता. राखणदारालाच चोर ठरवले होते म्हणा ना! १९८९ च्या सुमारास खरे चित्र स्पष्ट झाले. पेशीतील जनुकांना इजा झाली की पी-५३ पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला वेळ देते. इजा फारच मोठी असेल, तर त्या पेशीला मरायला लावते. एक बिघडलेली पेशी गेली तर शरीराचे काही बिघडत नाही. ती वाढत राहिली तर मात्र गाठ होते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हा राखणदारच निकामी झालेला आढळतो.

आता बुरशीकडे येऊ. अफ्लाटॉक्सिन यकृतात गेले की यकृत ते बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्याचे अधिकच दाहक रूप तयार करते. ते जनुकाला चिकटते. १९९१ साली चीनमधील कीदोंग भागातील यकृत-कर्करोगाच्या १६ गाठी तपासल्या, तेव्हा त्यांतील ८ गाठींत पी-५३ च्या जनुकात एकाच ठिकाणी, २४९ व्या शब्दात, बिघाड दिसला. एक अक्षर बदलले आणि प्रथिनात आर्जिनीनऐवजी सेरिन बसले. एवढ्यावरच राखणदार आंधळा झाला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेकडील रुग्णांतही हीच खूण सापडली. जिथे हे विष अन्नात फारसे नाही, तिथे ती क्वचितच दिसते.

हा बिघाड आईबापांकडून आलेला नसतो. तो आयुष्यात, खाण्यातून होतो. (पी-५३ चा जन्मजात दोष असलेली घराणीही असतात, पण थोडी. एकाच घरात अनेकांना तरुणपणी वेगवेगळे कर्करोग झाले असतील, तर डॉक्टरांना तसे जरूर सांगावे.)

भात-नागलीपेक्षा मका आणि भुईमूग यांना ही बुरशी अधिक धरते. शेंगा उपटल्यावर ओल्या जमिनीवर ढीग करू नये. ताडपत्रीवर पातळ पसराव्यात. शेंग कानाशी हलवून दाणे खुळखुळले, की ती बऱ्यापैकी वाळली असे समजावे. फोडायला सोपे जावे म्हणून काही जण शेंगांवर पाणी शिंपडतात; ही खोड फार वाईट. सुरकुतलेले, रंग बदललेले, किडीने पोखरलेले दाणे हाताने वेचून काढावेत, कारण विष बहुतेक त्यांतच साठलेले असते. भाजल्याने वा शिजवल्याने ते पुरते जात नाही. वेचलेले दाणे कोंबड्यांना घालू नयेत. बुरसट पेंड गाईम्हशीला घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध घरच्याच मुलांच्या पेल्यात येते.

हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू अंगात असेल, तर धोका फार वाढतो. शांघायमधील १९९२ सालच्या अभ्यासात विषाणू आणि बुरशीचे विष दोन्ही असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साठपट आढळला होता. या विषाणूवरील लस सरकारी दवाखान्यात बाळांना मोफत मिळते. पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची असते, म्हणून बाळंतपण झाल्याबरोबर नर्सबाईंना तिची आठवण करावी.