सव्वातीन हजारांची पेन्शन

नागपूरच्या धरमपेठेत पेन्शनर म्हटलं की लोक धरून चालतात, बँकेतला किंवा सरकारी असणार. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी कारखान्यातून 2020 साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. पेन्शन मिळते सव्वातीन हजार. गोकुळपेठ बाजारात भाजी, फळं घेतली की महिन्याअखेर त्यातलं फारसं उरत नाही.

हे 'ईपीएस-95'चं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं गणित आहे. योजना 16 नोव्हेंबर 1995ची. पगारातून आपले 12 टक्के पीएफमध्ये जातात. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 पेन्शनकडे वळतात, पण मर्यादेतल्या पगारावरच. ती मर्यादा 6,500 होती, सप्टेंबर 2014मध्ये 15,000 झाली. म्हणजे मूळ पगार तीस हजार असला तरी पेन्शन खात्यात महिन्याला 1,250च. मग सूत्र: मर्यादेतला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. माझी बरीचशी वर्षं 6,500च्या हिशेबातच गेली.

मालकाच्या वाट्यातली उरलेली रक्कम पीएफमध्येच जमा होते, बुडत नाही, हे मान्य. पण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. माझ्यानंतर बायकोला निम्मी. किमान पेन्शन 2014पासून 1,000 रुपये! आमदार-खासदारांच्या पेन्शनबद्दल मी बोलत नाही, बीपी वाढतं.

म्हणूनच बुलढाण्यात निवृत्तांनी डिसेंबर 2018मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. मागणी किमान पेन्शन 7,500 अधिक महागाई भत्ता. 4 नोव्हेंबर 2022ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनचा मार्ग काहींसाठी मोकळा केला, पण त्यासाठी मागचा फरक व्याजासह भरायचा होता. शिवाय 1 सप्टेंबर 2014नंतर निवृत्त झालेल्यांना 2023मधल्या मुदतीत मालकासोबत संयुक्त अर्ज करायचा होता, आणि आमचा कारखाना तर केव्हाच बंद पडला होता.