पिल्लांना हाताची सवय लावा, पहिले पंधरा दिवस सोडू नका 🐥



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी परसात गिरिराज, वनराजाची एक दिवसाची पिल्लं आणली आहेत. ब्रूडर, खाद्य, लस याबद्दल आपण नेहमी बोलतो. आज बिनखर्चाच्या एका कामाबद्दल: पिल्लांना माणसाची सवय लावणे.

तुम्ही म्हणाल, शेवटी विकायचीच आहेत, माणसाळवून काय करायचं? पण बुजरी पिल्लं लसीच्या दिवशी पळापळ करतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. मोठी झाल्यावर संध्याकाळी खुराड्यात येत नाहीत, झाडावर नाहीतर कुंपणात बसतात. मग रात्री रानमांजराचं फावतं. आणि जो पक्षी जवळच येत नाही, तो आजारी पडलेलाही उशिरा कळतो.

*पहिला दिवस:* पिल्लं प्रवासातून आलेली असतात. गूळ-पाणी द्या, ऊब द्या (पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस) आणि शांत राहू द्या. हाताळू नका.

*दिवस २ ते ४:* सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं ब्रूडरजवळ खाली बसा. उभं राहून वाकू नका. पिल्लाला वरून येणारी सावली म्हणजे घार! तळहातावर थोडा भरडा घेऊन हात जमिनीला टेकवून ठेवा. हात हलवू नका, पिल्लू आपणहून येईल. एक धीट निघालं की बाकीची मागे येतात.

*दिवस ५ ते १४:* पिल्लू हातावर चढायला लागलं की दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार देऊन उचला. मिनिटभरातच खाली ठेवा, कारण उबेबाहेर ते लवकर गारठतं. पाय किंवा पंख धरून उचलायचं नाही.

*हाक एकच ठेवा:* "ती-ती-ती" म्हणा, नाहीतर डबा वाजवा. पण घरातल्या सगळ्यांनी तीच हाक द्यायची आणि हाक दिली की दाणा टाकायचाच. रिकामी हाक दोन-चार वेळा झाली की पिल्लं फसत नाहीत. पुढे मोकळी सोडाल तेव्हा संध्याकाळी हीच हाक त्यांना खुराड्यात आणेल.

*लसीचं काय?* ५ ते ७ व्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची. हाताला सवयलेलं पिल्लू मान वळवत नाही, थेंब वाया जात नाही. लस दिल्यावर लगेच हातावर दाणा द्या, म्हणजे हाताची भीती बसत नाही. वेळापत्रक पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.

*खुडूक कोंबडीखाली पिल्लं काढली असतील तर* आधी तिचा विश्वास मिळवा. आई माणसाला बघून ओरडली की पिल्लं लपतात. ती निवांत दाणे टिपत राहिली, की पिल्लंही तेच शिकतात.

*हे टाळा:* पाठलाग करून पकडणं, पोरांना पिल्लामागे धावू देणं, कुत्र्याला ब्रूडरजवळ येऊ देणं. मोठ्या पक्ष्यांना विक्रीसाठी पकडायचं असेल तर अंधार पडल्यावर पकडा, तेव्हा ते शांत असतात.

पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांना पिल्लाचे मुके घेऊ देऊ नका, त्यांच्यापासून पोटाचे आजार होऊ शकतात.

पिल्लं मोठी झाली म्हणून सवय लागत नाही असं नाही, पण मग वेळ जास्त लागतो. म्हणून आज संध्याकाळपासूनच सुरुवात करा. पिल्लं हातावर येत नसतील, तर ती किती दिवसांची आहेत ते लिहून ग्रुपवर व्हिडिओ टाका, बघून सांगतो. 🙏

– आपला कृषी सल्लागार