सरकारदफ्तरातील खासगी मजकूर

रिसोड वा मानोरा तालुक्यातील शेतकरी अनुदानासाठी अर्ज गुदरतो आणि सेवा केंद्रातील यंत्रावर अंगठा टेकवतो, तेव्हा सातबाऱ्यासोबत त्याचा आधार क्रमांक आणि बँकेचे खातेही सरकारदफ्तरी जमा होते. त्या मजकुराचे पुढे काय व्हावे याचा विचार मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविल्यानंतरही, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमापर्यंत रेंगाळला.

या अधिनियमात सरकारच्या पारड्यात झुकते माप आहेच : एका लाभासाठी पूर्वी दिलेली संमती दुसरा लाभ, दाखला वा परवाना देतानाही चालते, आणि राज्याच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना तर हा कायदा लागूच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले. नागरिकास संरक्षण देणाऱ्या मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. परंतु माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या उपखंडातून व्यापक लोकहिताचा अपवाद गाळणारी दुरुस्ती, लक्षणीय तत्परतेने, तत्काळ अमलात आली. वाशीमच्या कचेरीत लोकहितास्तव अशा माहितीची नक्कल मागणाऱ्यास आता त्याच कायद्याच्या कलम ८(२) वर भिस्त ठेवावी लागते.